पडझडीनंतरचे ट्रकवाले व्यापारी: बेळगाव–निपाणी–शिरोडा नकाशासाठी आकडे हवेत

वडगावचा_जीएम

घरच्या नियमांवर टेबलटॉप कॅम्पेन (टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायची सलग गोष्ट) चालू आहे, मी जीएम, म्हणजे खेळ चालवणारा. पडझडीनंतर २२ वर्षं उलटलीत, माणसं पूर्वीच्या विसाव्या हिश्शावर आलीत. नकाशावर उत्तरेला कोगनोळीचा टोलनाका, दक्षिणेला कित्तूर, पूर्वेला गोकाक-अथणी आणि पश्चिमेला आंबोली उतरून सावंतवाडी-शिरोडा. बेळगावच्या किल्ल्यात ३,००० वस्ती, निपाणीत १,२००, संकेश्वर, खानापूर आणि चंदगड प्रत्येकी पाचसहाशे. बाकी विखुरलेली गावं.

या सगळ्यांना जोडणारे फिरते ट्रकवाले आहेत, खेळात त्यांना ‘गाडीवाले’ म्हणतात. अडचण ही की सध्या ते चाकांवरचं किराणा दुकान झालेत. येतात, हवं ते विकतात, जातात. खेळाडू विचारतात डिझेल कुठून येतं, आणि मला काहीतरी थापा माराव्या लागतात. मागच्या वेळी एकाने थेट प्रस्ताव मांडला की ट्रकच पळवू.

तर: २२ वर्षांनी कुठली गाडी चालेल आणि कशावर? माल काय, कुठून कुठे, फेरी किती दिवसांची? रस्त्यात दरोड्याशिवाय काय बिघडवता येईल? आणि गाडी चोरली तर चोरणाऱ्याला नेमकं काय मिळावं?

पाटा_कमान

डिझेलवर अडून बसू नका. गाडी थांबवतंय ते टायर.

आधी गाडी कुठली ते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या पहिल्या दोन वर्षांतच भंगारात गेल्या असं धरा. ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक, कॉमन रेल म्हणजे त्याच्या हुकमावर चालणारी जास्त दाबाची तेलफवारणी, त्यावर धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी. ते पाणी संपलं की गाडी आपली ताकद आपणच कमी करतीय, आणि गाळ असलेल्या तेलाने कॉमन रेलचे इंजेक्टर लगेच जातात. टिकणार त्या जुन्या, सरळ यांत्रिक पंपाच्या गाड्या: लहानात टाटाची ४०७, मोठ्यात टाटाच्याच १६१३ च्या जातीची सहाचाकी. असलं इंजिन एकदा चालू झालं की त्याला वीज लागतच नाही. बंद करायलासुद्धा ओढायची तार असतीय.

चालू करायला मात्र बॅटरी पाहिजे, आणि शिशाची बॅटरी चार-पाच वर्षांवर जगत नाही. मोठ्या गाडीला १२ व्होल्टच्या दोन लागतात, जोडून २४. म्हणून तुमचे गाडीवाले मुक्कामाला कधीच सपाटीवर थांबणार नाहीत. उतार बघून, तोंड खाली करून, चाकाखाली ठोकळे. सकाळी ठोकळे काढायचे, गाडी गडगडली की दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा. खेळाडूंना गाडीवाल्यांचे मुक्काम शोधायचे असतील तर नकाशावर बारीक चढ बघत जावं, तवंदी घाटाचा पायथा नाहीतर वंटमुरीची उतरण.

आता टायर. सहाचाकीला १०.००-२० साइज, सहा अधिक एक स्टेपनी म्हणजे सात. आत ट्यूब, ट्यूबच्या खाली फ्लॅप, म्हणजे रिमपासून ट्यूब वाचवणारा रबरी पट्टा. गोदामात अंधारात राहिलेला टायरसुद्धा २२ वर्षांनी बाजूने चिरलेला असणार. त्यावर पूर्ण १० टन घालून ६० च्या वेगाने गेलात तर एप्रिलच्या उन्हात दोन तासांत फुटतंय. निम्मा माल, ताशी २०-२५, दुपारी अकरा ते चार गाडी सावलीत, मग तोच टायर बराच चालतोय. यावरून वेळापत्रक आपोआप ठरतंय: पहाटे आणि संध्याकाळी चाल, दिवसाला ६० किलोमीटर.

नवा टायर इथे कुणीच करू शकत नाही. सांगाड्यातलं नायलॉनचं कापड आणि कडेची तार कुठून आणणार? पण जुन्या सांगाड्यावर नवा पट्टा चढवता येतो, आणि त्याचं सगळं साहित्य तुमच्याच नकाशावर आहे. रबर दोडामार्गात, तिथे रबराच्या बागा आहेत. गंधक साखर कारखान्यात: पांढरी साखर करायला रस गंधकाच्या धुराने स्वच्छ करतात, म्हणून कारखान्याच्या गोदामात गंधकाची पोती असतात आणि गंधक नासत नाही. काजळी दिव्याची. झिंक ऑक्साइड जुन्या जस्ती पत्र्यावरून किंवा सेलच्या डब्यातून जस्त काढून, ते जाळून.

एका टायरच्या पट्ट्याला १२ किलो मिश्रण धरा. रबर सात किलो, काजळी साडेतीन, झिंक ऑक्साइड साडेतीनशे ग्रॅम, थोडी चरबी. कारखान्यातली तयार रसायनं असती तर गंधक दीडशे ग्रॅमवर भागलं असतं. ती नाहीत, म्हणून रबराच्या आठ टक्के, म्हणजे साडेपाचशे-सहाशे ग्रॅम. साच्यात १४० अंशाला तीन तास. एवढ्या उष्णतेला अडीच-पावणेतीन किलो दाबाची वाफ लागते, म्हणजे चालू बॉयलर असलेली जागा. रबराचं एक झाड वर्षाला चारेक किलो देतं, तर एका टायरमागे दोन झाडांचं वर्ष. पूर्ण गाडीमागे चौदा झाडं.

काय बिघडतं: तीन तास शेकल्याने जुनं नायलॉन कमकुवत होतं, आणि पट्टा सांगाड्याला नीट धरला नसेल तर तापल्यावर सुटतो. सुटायच्या आधी मागून ठप-ठप आवाज येतो. क्लिनरने तो ऐकून गाडी थांबवली तर टायर वाचतंय. मागच्या जोडचाकात आतला टायर बसला आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही तर बाहेरचा दुप्पट ओझं घेऊन तोही जातोय. म्हणून दर तासाला उतरून टामीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, चाकं बडवून बघायची. भरलेला टायर टणटणतो, बसलेला भदभद करतो. हे काम एखाद्या खेळाडूकडे द्या की.

मीठमिरची

टायरचं मान्य. पण रबर आणायला तिलारी घाट वापरायला लावू नका. तिथले चढ आणि वळणं पाहता भरलेली मोठी गाडी तिथे अडकणार. रबराच्या वाळलेल्या पट्ट्या डोक्यावरून किंवा बैलांवरून चंदगडला चढाव्यात आणि गाडी चंदगडला उभी असावी. म्हणजे चंदगडच्या पाचशे माणसांनाही कारण मिळतं तिथे राहण्याचं. काजू तर आहेच.

मालाबद्दल एक हिशोब आधी करा, नाहीतर सगळं अर्थकारण फसतं. सहाचाकीत १० टन मीठ म्हणजे ५० किलोची २०० पोती. माणूस लोणची-पापड धरून वर्षाला चार किलो खातो. एक गाडी म्हणजे अडीच हजार माणसांचं वर्षाचं मीठ. तुमच्या नकाशावरच्या सगळ्या वस्त्या मिळून तीन गाड्यांत संपल्या! चौथी गाडी आणणारा बुडाला. प्रलयानंतरच्या खेळांत हे नेहमी विसरलं जातं: माणसं कमी झाली की १० टनी ट्रक व्यापाराला फार मोठा पडतो.

त्यावर दोन तोडगे. पहिला, जनावरं. गाईम्हशीला दिवसाला २५-३० ग्रॅम मीठ लागतं, वर्षाला दहा किलो. माणसापेक्षा जास्त. शिवाय कातडी मिठात मुरवावी लागते, आणि अथणीकडे चपला करणारी वस्ती ठेवली असेल तर तिला मीठ हवंच, नंतर कमवायला बाभळीची साल आणि हिरडा. हिरडा पश्चिमेच्या जंगलातला, बाभूळ पूर्वेच्या माळावरची. चपलांबरोबर तिथूनच लेथचे चामडी पट्टेही येतील. दुसरा तोडगा, मिश्र माल. एका हौद्यात पाच-सहा जिन्नस, आणि प्रत्येक गावात थोडा-थोडा उतरवायचा.

माझा प्रस्ताव असा. निपाणीहून तंबाखू, बोदांत म्हणजे गाठोड्यांत बांधलेली. ती नीट कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, वजनाला हलकी, किमतीला भारी, म्हणून तुमच्या खेळातलं चलन तीच. विडीला तेंदूचं पान इकडे लांबून यायचं, ते बंद, म्हणून चिलीम आणि चुन्याबरोबर चघळणं. चुना कोकणातून, शिंपल्या भाजून केलेला. बघा, तंबाखू खाली जाते आणि तिला लागणारा चुना वर येतो. संकेश्वरची मिरची. गुऱ्हाळाचा गूळ: एक टन उसाला शंभर किलोच्या आसपास गूळ, आणि काहिलीखाली चिपाडच जळतं, त्यामुळे बाहेरचं जळण लागत नाही. साखर कारखाना चालवायला माणसं आणि सुटे भाग कुठून आणणार? गुऱ्हाळ दहा माणसांत चालतं. खानापूरची मडकी आणि कौलं. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ थोडा, श्रीमंतांसाठी.

वर येताना मीठ, सुके बोंबील-बांगडे, खोबरं, आमसूल, चुना. सुकी मासळी मिठाच्या पोत्यांवर ठेवावी, तांदळाशेजारी कधीच नाही. तांदळाला वास लागला की गिऱ्हाईक वजनात कापतं. मिठाखाली कौलं किंवा लाकडी पट्ट्या टाकाव्यात, कारण पाझरलेलं मिठाचं पाणी हौद्याचा पत्रा आणि चासी खातं. वीस वर्षं मीठ वाहिलेल्या गाडीची चासी मागच्या पाट्यांच्या शिंगाड्यांजवळ (स्प्रिंगचे पाटे चासीला जोडतात तिथे) तडकलेली असावी. हा तुमचा बिघाड नंबर एक, आणि तो वेल्डिंगशिवाय सुटत नाही.

ऋतू सांगून ठेवते. दसऱ्याला, खंडेनवमीच्या पूजेनंतर पहिली फेरी. शिरोड्याची मिठागरं पावसानंतर दोनेक महिने तरी काही देत नाहीत, म्हणून पहिल्या फेऱ्या निपाणी-गोकाकच्या. मीठ जानेवारीपासून मेपर्यंत. मृग लागायच्या आत सगळ्या गाड्या वर. आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि बावीस वर्षं मोऱ्या कुणी साफ केलेल्या नाहीत. घाटात आधी मोरी तुंबते, मग पाणी रस्त्यावरून वाहतं, मग दरीकडची कड जाते. डांबर शाबूत दिसतं आणि खालची भर गेलेली असते. म्हणून दसऱ्यानंतर पहिल्यांदा घाट उतरताना पहार घेऊन एक माणूस गाडीपुढे चालत जातो, दरीकडची कड ठोकत.

पूर्वेला याच्या उलट. गोकाक, अथणी, सौंदत्तीकडे काळी माती. एक वळीव झाला की भरलेली गाडी आसापर्यंत रुतते आणि वाळायला दोन दिवस लागतात. पश्चिमेकडचा जांभा पाण्यात धरून राहतो. निपाणीच्या दारात यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर येतं हेही नकाशावर मांडा.

वडगावचा_जीएम

मिठाचा हिशोब बघून अख्खा नकाशा पुन्हा मांडतोय. शिरोडा फेरीला तेल किती धरू? आणि साखर पट्टा आहे, तर स्पिरिटवर गाड्या चालवल्या तर?

करंज_घाणा

बेळगाव-शिरोडा जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर धरा. उतरताना पाच किलोमीटरला लिटर, भरून वर चढताना साडेतीन. साठ-पासष्ट लिटर. साठवून ठेवलेलं डिझेल बावीस वर्षांनी नाही चालत. पाणी साचतं, त्याच्या कडेवर जंतू वाढतात, गाळ होतो, डिंक धरतो. एखाद्या बंद टाकीत सापडलंच तर नव्या तेलात थोडं-थोडं मिसळून संपवायचं.

स्पिरिट डिझेल इंजिनात थेट घालू नका. दाबाने पेटण्याचा गुण त्यात नाही, इंजिन धरणारच नाही. पेट्रोलच्या जुन्या कार्बोरेटर गाड्यांत चालेल, जेट मोठं करून, आणि पेट्रोलच्या दीडपट लागेल. म्हणजे मोटरसायकल, पुढे टेहळणीला जाणारी. ट्रक नाही.

ट्रकला करंज. कानडी गावांत होंगे म्हणतात, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला झाडं आहेत. शेंगा उन्हाळ्यात गोळा होतात. लाकडी घाण्यात चार-पाच किलो बियांना लिटर तेल. एका शिरोडा फेरीला तीनशे किलो बी. म्हणजे प्रत्येक फेरीमागे चार-पाच गावांच्या बायापोरांनी महिनाभर केलेली वेचणी आहे, आणि त्यांना त्याबद्दल मीठ मिळतं. खेळाडूंना इथे कथानक शोधावं लागणार नाही.

तेल आठवडाभर निवळू द्यायचं, वरचं घ्यायचं, चार पदरी कापडातून दोनदा गाळायचं. पाण्याचा थेंब राहिला तर पंपाचा घात. मग दोन टाक्या. लहानीत दहा लिटर पातळ इंधन, मोठीत करंज तेल. रेडिएटरचं गरम पाणी तांब्याच्या नळीने मोठ्या टाकीतून फिरवायचं, तेल सत्तर-ऐंशी अंशाला पातळ होतं. चालू करायचं लहान टाकीवर, इंजिन तापलं की कॉक फिरवायचा, थांबायच्या आधी पाच-सात मिनिटं परत लहान टाकीवर. हे शेवटचं विसरलं की पंपात आणि नोझलात (इंजिनात तेल फवारणाऱ्या तोटीत) तेल थंड होऊन चिकटतं आणि सकाळी गाडी उतारावरून कितीही गडगडली तरी घेत नाही. घाईघाईत पळून मुक्काम गाठलाय, ड्रायव्हरने इंजिन तसंच बंद केलं, हा अगदी खरा प्रसंग आहे.

लहान टाकीतलं पातळ इंधन म्हणजे करंज तेलाचं बायोडिझेल. लाकडाच्या कोरड्या ऊर्ध्वपातनातून मिथेनॉल फार थोडं मिळतं, म्हणून लिटरमागे पावशेर जरी धरलं तरी महागच. स्पिरिट वापरायचं म्हटलं तर स्पिरिट कितीही वेळा गाळलं तरी ९५ टक्क्यांवर अडतं आणि उरलेल्या पाण्याने सगळ्याचा साबण होतो. भाजलेल्या ताज्या चुन्याने पाणी ओढून घेऊन पुन्हा गाळायचं. पुन्हा चुना, पुन्हा कोकण. शिवाय करंज तेल आंबट असतं, आधी ॲसिडने एक हात द्यावा लागतो. एवढं करणारी माणसं तुमच्या जगात दोन-तीनच असावीत आणि त्यांना कुणी हात लावू नये असा अलिखित नियम असावा.

टायर आधी संपतात हे खरं, पण माझ्या मते नोझल त्याच्या पाठोपाठ. पंपाच्या आतल्या दट्ट्याची फट दोन-चार मायक्रॉनची. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ आणि ओतशाळा कितीही जिवंत ठेवा, गोकाकच्या धबधब्यावर पाण्याची शक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून वापरलीय म्हणून वीजही द्या, तरी ब्रेकचा ड्रम, बुश, पिना निघतील, नोझल निघणार नाही. ओतायलाही कोक लागतो, तो जहाजाने यायचा. मुशीत कोळशावर लहान ओतकाम करा, एवढंच.

ग्रीसचं सोपं आहे: चरबी किंवा तेल आणि विझवलेला चुना उकळून. बैलगाडीच्या आसाला चालतं, ट्रकच्या चाकाच्या बेअरिंगला थंडीत चालतं, घाटात ब्रेक तापला की वितळून बाहेर येतं.

हेक्सवाली

सगळं वाचलं, आनंद झाला, आणि आता यातलं तीन-चतुर्थांश टेबलवरून काढून टाकायला सांगते. खेळाडूंना गंधकाचे ग्रॅम मोजायचे नसतात. ते जीएमच्या वहीत राहू द्या. टेबलवर तीनच गोष्टी: चाकं, तेल, पत.

चाकांना बारा खुणांची एक पट्टी. दर मुक्कामाला, म्हणजे ६० किलोमीटरला, सहाबाजूंचे दोन फासे. निम्म्याहून जास्त माल असेल तर एक वाढवा, दुपारी चालवलं तर एक, रस्ता फुटका असेल तर एक. बेरीज दहा किंवा वर गेली की एक खूण खोडायची. साध्या परिस्थितीत हे सहात एकदा होतं. दोन वाढवा असतील तर छत्तीसपैकी पंधरा वेळा, म्हणजे घाई महाग पडते हे खेळाडूंना न सांगता कळतं. तेरा किंवा वर: टायर फुटला. एक फासा टाका. एक ते तीन मागचा बाहेरचा, चार-पाच मागचा आतला, सहा पुढचा. पुढचा असेल तर ड्रायव्हरची चाचणी, घाटात दुप्पट कठीण.

चाक बदलायला स्टेपनी असेल तर अर्धा-पाऊण तास. नसेल तर टायर उतरवून ट्यूब जोडायची, दोन माणसांना दीड तास, आणि हवा गाडीच्याच कंप्रेसरवरून नळी लावून. इथे एक धोका जरूर घाला. या रिमला लोखंडी लॉक रिंग असते, ती खोबणीत नीट बसली नसेल तर हवा भरताना उडते आणि समोरच्याला ठार करते. अनुभवी माणूस चाकाला साखळी गुंडाळून, बाजूला उभं राहून हवा भरतो. नवशिक्या खेळाडूने साखळीचा उल्लेख केला नाही तर एकदा आठवण द्या. मग नाही.

तेल: टाकीत किती मुक्काम उरलेत तेवढंच लिहा. भरून चढण म्हणजे दोन मुक्काम मोजा.

पत ही शून्य ते सहा, प्रत्येक वस्तीत वेगळी. पत तीनच्या वर असेल तर माल उधारीवर मिळतो, पुढच्या फेरीला भरपाई. एखाद्या गावात मापात मारलं तर पत एकने खाली. इथे माप ही गंमत आहे: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली हे सगळीकडे सारखं, पण शेरच गावोगाव लहान-मोठा. निपाणीच्या पायलीने घेऊन खानापूरच्या पायलीने विकता येतं. गाडीवाल्याच्या दिवाणजीकडे प्रत्येक गावच्या मापट्याची खूण केलेली काठी असावी, आणि ती काठी चोरण्याच्या लायकीची असावी.

भाव ठरवण्यासाठी गुरांच्या बाजारातली पद्धत उचला. हातावर पंचा टाकायचा, खाली बोटं धरून आकडा सांगायचा, भोवतालच्यांना कळू नये. टेबलवर खरंच एक नॅपकिन ठेवा. एक खेळाडू आणि जीएम त्याखाली बोटांनी भाव करतात, बाकीचे फक्त चेहरे बघतात. संपूर्ण बोट शंभर की दहा हे आधी तोंडी ठरतं. दोघांचा समज वेगळा निघाला तर भांडण खेळातच मिटवा.

पाटा_कमान

लॉक रिंगचं बरं सांगितलंत. ब्रेकचं राहिलं.

मोठ्या गाडीला हवेचे ब्रेक. रात्रभर उभी राहिली की हवा गळते, आणि मागच्या चाकांना स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक असेल तर हवा भरेपर्यंत चाकं सुटतच नाहीत. इंजिन चालू करून तीन-चार मिनिटं थांबावं लागतंय. म्हणजे पहाटे हल्ला झाला तर गाडी लगेच पळत नाही, तीन-चार मिनिटं तग धरावी लागते. पण वर मी म्हटलं की बॅटरी नसलेली गाडी उतारावरून सोडून चालू करायची. दोन्ही एकत्र जमत नाहीत, बघा: हवा नाही तर चाक सुटत नाही, चाक सुटत नाही तर इंजिन चालू होत नाही, इंजिन नाही तर हवा नाही. म्हणून गाडीवाल्यांनी तो स्प्रिंग ब्रेक बोल्ट आवळून कायमचा सोडून ठेवलेला असणार आणि सगळा भरवसा लाकडी ठोकळ्यावर. ठोकळा कुणी काढला तर दहा टन गाडी ब्रेकशिवाय निघाली. खेळाडूंना हे समजायला एक सेशन जाईल, जाऊ दे.

घाट उतरताना जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक सारखा दाबत बसलं की ड्रम तापतो, लायनर धरत नाही, आणि हवाही खाली येते. आंबोली उतरताना जळका वास आला की थांबून तासभर गार करायचं. ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडकतोय.

आणि एक गाडी कधी सोडू नका. सहाचाकीबरोबर एक ४०७: अडकली तर ओढायला, सुटे भाग आणि घाण्याचं तेल वाहायला, अरुंद गावात शिरायला. माणसं नऊ: दोन ड्रायव्हर, दोन क्लिनर, मिस्त्री, दिवाणजी, तीन राखणदार. दहा दिवसांच्या फेरीला माणशी किलोभर शिधा म्हणजे ९० किलो, तेवढा माल कमी.

वडगावचा_जीएम

मग गाडी चोरली तर?

मीठमिरची

घेऊ दे चोरून. करंज तेल देणारी गावं त्यांना ओळखत नाहीत, निपाणीत पत शून्य, आणि टायरवर पट्टा चढवणारा बॉयलरवाला गाडीच्या चासीवरचा नंबर ओळखतो. टाकीतलं तेल संपेपर्यंत गाडी त्यांची. त्यानंतर दोन वाटा: गाडी मूळ मालकाला माल म्हणून परत विकायची, आणि तो ती घेईल, कारण त्यालाही दुसरी मिळणार नाही. किंवा कोगनोळीच्या नाक्यावर उभी करून सुटे भाग विकायचे, पैकी नोझलांचा भाव सर्वांत वर, मग टायर, मग पाटे.

कोगनोळीला दोन्ही बाजूंचे नाकेवाले बसवा आणि दोघांना वेगळी पावती फाडू द्या. पडझड झाली म्हणून सीमेचा वाद मिटला असेल असं इकडच्या खेळाडूंना पटणार नाही. जकात मिठात, शंभराला तीन पोती. दुसऱ्या बाजूला परत तीन. दिवाणजी हुशार असेल तर तो संकेश्वरहून आत वळून गडहिंग्लजमार्गे जाईल, चाकांच्या पट्टीवरच्या दोन खुणा जास्त खर्चून. सहा पोती की दोन खुणा, हे खेळाडूंना ठरवू द्या. आणि पावसाच्या तोंडाशी हा प्रश्न विचारा, त्या वेळी गडहिंग्लजच्या बाजूला हिरण्यकेशीवरच्या जुन्या पुलाचा एक गाळा गेलेला असू द्या.